राहून गेलेले अंत्यविधी : रिथी पान यांचा चित्रपट आणि आघाताचे शमन

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या साम्यवादी बंडखोर संघटनेच्या फौजा कंबोडियाच्या राजधानीत, नोम पेन्हमध्ये शिरल्या आणि काही दिवसांतच त्यांनी ते सगळे शहर रिकामे केले. रुग्णालयांतील रुग्णांसह लाखो माणसे पायी खेड्यांकडे हाकलली गेली, चलन रद्द झाले, शाळा, बाजार आणि बौद्ध विहार बंद पडले. आणि ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्याने ही राजवट उलथून टाकीपर्यंत सुमारे ८० लाख लोकसंख्येच्या त्या देशात १७ ते २० लाख माणसे उपासमारीने, रोगराईने, अतिश्रमाने किंवा थेट हत्येने मेली. कंबोडियातील माणसे या काळाचा उल्लेख आजही ‘तीन वर्षे, आठ महिने, वीस दिवस’ असाच करतात. त्यातून जिवंत सुटलेला एक मुलगा पुढे चित्रपट दिग्दर्शक झाला आणि गेली साडेतीन दशके तो प्रामुख्याने याच काळाकडे पुन्हा पुन्हा परतत राहिला. चित्रपट करण्याने मनाची जखम भरते काय, आणि भरत असेल तर नेमक्या कोणत्या क्रियेने, हा प्रश्न रिथी पान यांच्या कामासमोर ठेवला, तर त्याची उत्तरे मोघम राहत नाहीत. ती माती, रंग, जुनी कागदपत्रे आणि माणसांच्या हालचाली यांतून मिळू लागतात.

रिथी पान यांचे वडील शिक्षण खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. शहरातून हाकलले गेल्यावर माणसाला शोभणार नाही असे अन्न खाण्यास त्यांनी नकार दिला आणि त्या नकारातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागे आई, बहिणी आणि घरातील लहान मुले भुकेने व आजाराने एकामागून एक गेली. १९७९ मध्ये हा मुलगा सीमा ओलांडून थायलंडमधील निर्वासित छावणीत पोहोचला आणि तेथून फ्रान्सला गेला. तेथे त्याला सुतारकाम शिकवणाऱ्या शाळेत घालण्यात आले होते, पण हातात कॅमेरा आल्यानंतर त्याची वाट बदलली आणि पॅरिसच्या राष्ट्रीय चित्रपट शिक्षणसंस्थेत त्याने प्रवेश मिळवला. १९८९ च्या पहिल्या महत्त्वाच्या माहितीपटासाठी त्यांनी निवडलेली जागा म्हणजे थायलंडच्या सीमेवरील कंबोडियन निर्वासितांची छावणी. सुतारकामाचे ते शिक्षण अर्धवट राहिले असले, तरी हातांनी वस्तू घडवण्याविषयीचा आदर त्यांच्या चित्रपटांत सातत्याने दिसतो आणि या लेखाच्या विषयाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

‘आघात’ या मानसशास्त्रीय संज्ञेचा येथे अभिप्रेत असलेला अर्थ आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. दुःखद प्रसंगाची आठवण आणि आघाताची आठवण यांत मोठे अंतर असते. पहिली काळाच्या ओघात मागे सरते, तिला आधी-नंतर असा क्रम लाभतो, ती सांगताना माणूस रडला तरी आपण आज कोठे बसलो आहोत याचे भान त्याला असते. दुसरी मागे सरतच नाही; ती आवाज, वास, अंगाची थरथर अशा तुटक तुकड्यांच्या रूपाने अचानक परतते आणि परतते तेव्हा प्रसंग आताच घडत असल्यासारखी परतते, किंवा उलट तिच्याभोवती असा सुन्नपणा साचतो की सांगायला शब्दच उरत नाहीत. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये ‘आघातोत्तर तणाव विकार’ या नावाने या अवस्थेला आपल्या अधिकृत निदान-पुस्तिकेत स्थान दिले. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ विदुषीने १९९२ च्या आपल्या ग्रंथात बरे होण्याचे तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, आणि शेवटी माणसांशी पुन्हा जोडले जाणे. यांतील पहिल्या टप्प्यात व्यक्तीला आपल्या शरीरावर आणि परिस्थितीवर स्वतःचा ताबा परत मिळावा लागतो, कारण आघाताने नेमका तोच हिरावून घेतलेला असतो. हा मुद्दा चित्रपटाच्या संदर्भात निर्णायक आहे, कारण कॅमेरा ज्याच्या हाती असतो त्याच्याकडे मोठी सत्ता असते आणि जखमी माणूस बहुतेक वेळा त्या सत्तेच्या समोरच्या बाजूला बसलेला असतो.

कंबोडियाच्या बाबतीत या सामान्य चित्रात एक विशेष भर पडते. ख्मेर रूजने धार्मिक विधींवर बंदी घातली होती, भिक्षूंना चीवर उतरवायला लावून शेतात राबवले होते, आणि मेलेल्यांना दहनाशिवाय, नावाशिवाय खड्ड्यांत ढकलले होते. त्यामुळे वाचलेल्यांच्या मनात शोकाबरोबरच कर्तव्य राहून गेल्याचे ओझेही होते. मराठी वाचकाला हे ओझे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. कंबोडियात ‘फ्चुम बेन’ हा पितरांचा पंधरवडा पाळला जातो, तो आपल्या पितृपक्षाप्रमाणेच भाद्रपदाच्या वद्य पक्षात येतो, पहाटेच्या अंधारात विहारांभोवती भाताचे गोळे ठेवले जातात आणि ज्यांना कोणी वाली उरलेला नाही अशा भुकेल्या आत्म्यांनाही त्यांतला वाटा मिळतो, अशी श्रद्धा आहे. ज्याच्या बापाची राखसुद्धा हाती लागलेली नाही, ज्याच्या आईचा देह कोणत्या शेतात पुरला गेला हे सांगणारे कोणी नाही, त्याने या पंधरवड्यात करायचे काय? रिथी पान यांचे चित्रपट या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून पाहिले, तर त्यांची रचना, त्यांतील संथपणा आणि पुनरावृत्ती यांचे प्रयोजन उमगू लागते.

त्या उत्तराची पहिली ठोस पायरी म्हणजे १९९६ चा ‘बोफाना’. हुत बोफाना ही सुशिक्षित तरुणी आपल्या पतीला प्रेमपत्रे लिहीत असे आणि रामायणाची कंबोडियन आवृत्ती असलेल्या ‘रिआमकेर’मधील सीतेचे नाव ती त्या पत्रांखाली सहीसारखे वापरत असे. ही पत्रे पकडली गेली, तिला नोम पेन्हमधील ‘एस-२१’ या गुप्त तुरुंगात आणले गेले, महिनोन्महिने छळून तिच्याकडून हजारभर पानांचा ‘कबुलीजबाब’ लिहून घेतला गेला आणि मार्च १९७७ मध्ये तिला मारण्यात आले. एस-२१ ही पूर्वीची शाळा. वर्गखोल्यांत विटांच्या भिंती घालून कोठड्या केलेल्या. पुढे आंतरराष्ट्रीय साहाय्याने चाललेल्या न्यायालयाने येथे किमान १२ हजार माणसे मारली गेल्याचे ग्राह्य धरले. जिवंत बाहेर आलेले मोजकेच. प्रत्येक कैद्याचे छायाचित्र आणि जबानी काटेकोरपणे नोंदवणाऱ्या त्या यंत्रणेच्या दप्तरातून एका स्त्रीची फाईल उचलायची, मारेकऱ्यांनी तिच्यावर लादलेली खोटी जबानी बाजूला सारायची आणि त्याच फाईलमध्ये पुरावा म्हणून अडकवलेली तिची खरी पत्रे वाचून दाखवायची, असे या चित्रपटाचे काम होते. ज्या कागदांनी तिचा जीव घेतला, त्याच कागदांतून तिचा आवाज सोडवून घेण्यात आला.

याच चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी वान नाथ हे चित्रकार आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांपैकी एक असलेला हिम हुई यांची गाठ पडली. या तुरुंगात कैदी असलेले वान नाथ वाचले ते ख्मेर रूजचा प्रमुख पोल पॉट याची चित्रे काढण्यासाठी त्यांना जिवंत ठेवले गेले म्हणून. राजवट पडल्यावर त्यांनी तुरुंगातील छळाची दृश्ये आठवणीतून रंगवली होती. कैद्यांना रांगेत दोरखंडाने बांधून आणले जात आहे, जमिनीवर साखळदंडात झोपवले आहे, अशी ती चित्रे आता तेथील संग्रहालयात आहेत. आपल्या छळकर्त्यासमोर उभे राहिल्यावर या माणसाने आरडाओरडा केला नाही, हात उगारला नाही. त्यांनी हुईला एकेका चित्रासमोर नेले आणि यात काही अतिशयोक्ती आहे काय, असे विचारले. हुईने नाही म्हटले. रंगवणाऱ्याच्या स्मृतीला दुसऱ्या बाजूच्या माणसाकडून मिळालेली ही पुष्टी कोणत्याही सांत्वनापेक्षा मोलाची होती, असे म्हणावे लागते, कारण आघाताच्या बळींना सर्वाधिक पोखरते ती आपण सांगतो ते कोणाला खरे वाटणार नाही ही भीती.

या भेटीतून २००३ चा ‘एस-२१ : ख्मेर रूजचे मृत्युयंत्र’ हा चित्रपट उभा राहिला आणि आघात व चित्रपट यांच्या संबंधाविषयी लिहिताना त्यावर थांबणे अपरिहार्य आहे. या चित्रपटात निवेदक नाही आणि मन पिळवटणारे पार्श्वसंगीतही नाही. दिग्दर्शकाने वान नाथ आणि चुम मेई या दोन वाचलेल्यांना आणि जुन्या पहारेकऱ्यांच्या एका गटाला त्याच इमारतीत एकत्र आणले, त्यांच्यासमोर तेव्हाच्या नोंदवह्या, छायाचित्रे आणि छळाची अवजारे ठेवली आणि त्यांना कामाबद्दल विचारले : कुलूप कसे उघडत, पाणी कोण देई, मोजणी कधी होई, शिव्या कोणत्या देत. त्यांतील एक जण लहान वयातच पहारेकरी म्हणून भरती झालेला होता. तो रिकाम्या खोलीत जातो आणि तेथे नसलेल्या कैद्यांवर ओरडू लागतो, नसलेले कुलूप लावतो, नसलेल्या माणसाला डबा देतो आणि परत घेतो. तो कैद्यांच्या जागी पाय पडणार नाही अशा बेताने चालतो की नाही हे बारकाईने पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. शब्दांत जे त्याला सांगता आले नसते, किंवा सांगताना जे त्याने सारवासारव करून सांगितले असते, ते त्याच्या हातापायांनी अचूक जपून ठेवलेले आहे. आघाताची स्मृती देहात राहते, हे मानसशास्त्राने मांडलेले तत्त्व येथे प्रत्यक्ष दिसते; आणि ते बळीच्या देहात नव्हे, तर अत्याचाराचा हस्तक झालेल्याच्या देहात दिसते, हा या चित्रपटाचा धाडसी भाग होय.

तरीही दोन्ही बाजूंना एकाच दुःखाचे वाटेकरी ठरवण्याच्या मोहात दिग्दर्शक पडत नाही. पहारेकरी स्वतःला परिस्थितीचे बळी म्हणवू लागतात, तेव्हा वान नाथ शांतपणे विचारतात की तुम्ही बळी असाल तर येथे मेलेल्यांना काय म्हणायचे. चित्रपटाच्या आरंभी हुईची आई त्याला खरे सांगून टाक आणि विधी करून मेलेल्यांची क्षमा माग, असे सांगते. खरे सांगणे आधी आणि विधी नंतर, असा तिचा क्रम आहे, आणि समेटाची घाई झालेल्या अनेक राष्ट्रप्रमुखांना हा क्रम उमगलेला नव्हता. चुम मेई त्या आवारात आल्यावर ढसाढसा रडतात. त्यांच्या पत्नीचा आणि मुलाचा याच राजवटीने जीव घेतला होता. कॅमेरा त्या रडण्यावर रेंगाळून त्याचे भांडवल करत नाही, वान नाथ आपल्या सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि पुढचे काम सुरू होते. वान नाथ यांचे २०११ मध्ये निधन झाले. चित्रे काढणे, साक्ष देणे आणि आलेल्यांना समजावून सांगणे हे त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

याच्या अगदी उलट पद्धतीचा एक थोर नमुना क्लोद लान्झमान यांच्या १९८५ मधील ‘शोआ’ या साडेनऊ तासांच्या चित्रपटात आहे. ट्रेब्लिंका येथील छळछावणीत विषारी वायूच्या कोठडीत जाणाऱ्या स्त्रियांचे केस कापावे लागलेल्या न्हाव्याला दिग्दर्शकाने इस्राएलमध्ये भाड्याने घेतलेल्या एका केशकर्तनालयात बसवले आणि एका माणसाचे केस कापता कापता बोलायला लावले. बोलता बोलता तो थांबला, पुढे बोलवत नाही म्हणाला, आणि दिग्दर्शकाने त्याला विनवणी करत पण ठामपणे पुढे बोलायला लावले. इतिहासाला या क्षणामुळे जे मिळाले त्याचे मोल अमाप आहे, आणि त्या साक्षीदारानेही ते जगापुढे यावे म्हणूनच कात्री हातात धरली होती. मात्र त्या दृश्याला उपचार म्हणणे चुकीचे आहे. साक्ष नोंदवणे आणि साक्षीदाराला बरे करणे ही दोन वेगळी कार्ये आहेत. ती कधी एकत्र येतात, कधी एकमेकांच्या आड येतात, आणि आड येतात तेव्हा कोणाचे हित आधी याचा निर्णय चित्रीकरण सुरू होण्यापूर्वी झालेला असावा लागतो.

असा निर्णय आधी करून बनवलेला चित्रपट म्हणजे रॉबर्ट ग्रीन यांचा २०२१ मधील ‘प्रोसेशन’. अमेरिकेत लहानपणी कॅथलिक धर्मगुरूंकडून लैंगिक अत्याचार झालेल्या सहा प्रौढ पुरुषांना यात नुसते मुलाखत देणारे म्हणून बसवलेले नाही. प्रत्येकाने आपल्या आठवणीतला किंवा स्वप्नातला एकेक प्रसंग स्वतः लिहिला, त्याची जागा निवडली, तो दिग्दर्शित केला, आणि इतर पाच जणांनी त्यात भूमिका केल्या किंवा पडद्यामागे राबून साहाय्य केले. नाट्योपचाराची शिक्षित तज्ज्ञ संपूर्ण प्रक्रियेत हजर होती. नाट्योपचार म्हणजे भूमिका वठवण्यातून, सुरक्षित चौकटीत, दडपलेला अनुभव पुन्हा हाताळण्याची उपचारपद्धती. तिच्यात प्रसंग कधी थांबवायचा हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा प्रसंग आहे त्याच्याकडेच असतो. लहानपणी ज्या खोलीत हे मुलगे असहाय होते, तीच खोली पुन्हा उभारताना दिवा कोठे लावायचा, दार कोणत्या बाजूला उघडायचे आणि ‘कट’ कधी म्हणायचे हे त्यांनी सांगायचे, यात हर्मन यांनी सांगितलेला पहिला टप्पा अक्षरशः कृतीत उतरतो. शिवाय एकाच्या प्रसंगासाठी दुसऱ्याने राबण्याने तिसरा टप्पाही, माणसांशी पुन्हा जोडले जाण्याचा, आपोआप सुरू होतो.

आता रिथी पान यांच्या सर्वांत वैयक्तिक चित्रपटाकडे यावे लागेल. ख्मेर रूजने आपल्या प्रचारासाठी पुष्कळ चित्रण केले होते, त्यांत हसतमुख श्रमिक मातीच्या पाट्या वाहताना दिसतात. पण भूक, मृत्यू, हत्या यांचे चित्रण जवळजवळ नाही. ती छायाचित्रे, ती दृश्ये सापडतील या आशेने दिग्दर्शकाने वर्षानुवर्षे शोध घेतला. त्यातच १९७५ पूर्वी भरभराटीला आलेला कंबोडियन चित्रपटउद्योगही ख्मेर रूजने नष्ट केला होता. त्या काळातील शेकडो चित्रपटांपैकी मोजकेच उरले आणि अनेक कलावंत मारले गेले. लहानपणी चित्रपटांच्या सेटवर रमलेल्या मुलाच्या दृष्टीने माणसांबरोबर चित्रेही मारली गेली होती. अखेरीस, जे चित्र कधी घेतलेच गेले नाही किंवा उरलेच नाही, ते हाताने घडवायचे, या निर्णयातून २०१३ मध्ये ‘हरवलेले चित्र’ हा चित्रपट आला. त्याला कान महोत्सवात ‘अँ सर्तेन रगार’ विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि ऑस्करच्या परभाषिक विभागात नामांकन मिळवणारा तो पहिला कंबोडियन चित्रपट ठरला.

सारित मांग या शिल्पकाराने कंबोडियातल्याच मातीतून शेकडो छोट्या मूर्ती कोरल्या आणि रंगवल्या. त्या हलत नाहीत. सजीवपटात बाहुल्या चालत्या-बोलत्या करतात तसे येथे काहीही केलेले नाही. कॅमेरा त्यांच्यामधून हळूहळू सरकतो, कधी प्रचारपटातील धूसर चित्रणावर त्या आरोपित केल्या जातात, आणि निवेदन त्यांच्या भोवती वाहत राहते. मूर्ती निश्चल ठेवण्याच्या या निर्णयाचे मानसशास्त्रीय महत्त्व थोर आहे. आघाताची दृश्ये माणसाच्या इच्छेविरुद्ध, त्यांच्या स्वतःच्या वेगाने, अंगावर धावून येतात. येथे तीच दृश्ये स्थिर आहेत आणि त्यांच्याकडे किती वेळ, किती जवळून पाहायचे हे पाहणारा ठरवतो. शिवाय मूर्ती घडवायची म्हणजे एकेका माणसाला वेळ द्यायचा, त्याचा चेहरा, त्याचा सदरा, त्याच्या बरगड्या कोरायच्या. हजारोंच्या आकड्यात विरून गेलेल्यांना असा सुटा, हाताने दिलेला वेळ मिळणे हेच एक संस्कारकर्म आहे.

वडिलांच्या मृत्यूचा भाग याचा कळस होय. त्यांची मूर्ती शुभ्र सूट घातलेली, ताठ, शिक्षकाच्या रुबाबातली आहे. ख्मेर रूजने सर्वांना घालायला लावलेल्या काळ्या कपड्यांत ती नाही. त्यांचा देह जेव्हा नेऊन टाकला गेला, त्या रात्री आईने मुलाला वडिलांचे अंत्यविधी खरे तर कसे झाले असते, हे शब्दांनी वर्णन करून सांगितले होते : कोण आले असते, काय काय केले गेले असते. उपाशी, विधवा झालेल्या, उद्या स्वतः मरणार असलेल्या त्या स्त्रीने मुलासाठी शब्दांचा अंत्यविधी केला. पुढे जवळजवळ चार दशकांनी मुलाने मातीचा केला. या दिग्दर्शकाची कला पॅरिसच्या शाळेत घडली असे चरित्रकार लिहितील, पण तिचा उगम त्या रात्रीच्या कथनात आहे, असे मानण्यास सबळ कारण आहे. चित्रपटाच्या शेवटी मातीत निजवलेली एक मूर्ती पुन्हा पुन्हा मातीने झाकली जाते आणि पुन्हा उघडी पडते. शोक एकदा करून संपवण्याची गोष्ट आहे, असा दावा चित्रपट करत नाही.

हा दावा न करणे फार महत्त्वाचे आहे, कारण चित्रपटाला औषध मानण्याच्या उत्साहात अलीकडे बरेच काही बोलले जाते. मनातले बाहेर काढले की मन मोकळे होते ही समजूत आघाताच्या बाबतीत धोकादायक ठरू शकते. पुरेशी सुरक्षितता नसताना आठवण उकरली, तर जखम अधिकच चिघळते, हे उपचारतज्ज्ञ वारंवार सांगत आले आहेत. कंबोडियात मानसोपचार करणाऱ्या संस्थांनी म्हणूनच घाई टाळली. चिलीमधील लष्करी हुकूमशाहीच्या काळात विकसित झालेली ‘साक्षोपचार’ ही पद्धत, ज्यात पीडित व्यक्ती समुपदेशकाच्या सोबतीने काही बैठकांत आपली जीवनकथा लेखी रूपात सिद्ध करते, त्यांनी आपल्या संस्कृतीप्रमाणे बदलून घेतली. तेथे सिद्ध झालेली साक्ष बौद्ध समारंभात भिक्षूंच्या आणि गावकऱ्यांच्या उपस्थितीत वाचली जाते आणि पूर्वजांना पुण्य अर्पण केले जाते. कथन, त्याला मिळालेले टिकाऊ रूप, आणि ते ऐकणारा समुदाय, या तीन गोष्टी येथे एकत्र येतात. रिथी पान यांच्या चित्रपटांत त्याच तीन गोष्टी स्वतंत्र मार्गाने येऊन मिळाल्या आहेत, हा योगायोग मानता येत नाही.

कोणाची जखम भरते आहे, हा प्रश्नही टाळता येत नाही. आरी फोल्मान यांच्या २००८ च्या ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ या सजीवपटात १९८२ च्या लेबनॉन युद्धात लढलेला इस्राएली सैनिक, म्हणजे स्वतः दिग्दर्शक, साब्रा आणि शतिला या वस्त्यांतील पॅलेस्टिनी निर्वासितांच्या कत्तलीच्या वेळी आपण कोठे होतो ही पुसून गेलेली आठवण शोधत जातो. शेवटी रेखाटने संपतात आणि आक्रोश करणाऱ्या स्त्रियांचे खरे चित्रण पडद्यावर येते. कलाकृती म्हणून ती असामान्य आहे. तरीही ज्यांची माणसे मेली त्या स्त्रियांना तेथे नाव नाही, आणि त्यांचा आक्रोश सैनिकाच्या स्मृतीला जागे करण्यापुरता येतो, हा आक्षेप रास्त आहे. एस-२१ मध्ये पहारेकऱ्यांसमोर वान नाथ बसलेले असणे का आवश्यक होते, ते या तुलनेने लक्षात येते.

स्वतः रिथी पान यांनाही या कामाने निवांतपणा दिलेला नाही. एस-२१ चा प्रमुख दुच याच्याशी तुरुंगात झालेल्या दीर्घ संभाषणांतून २०११ चा चित्रपट झाला, आणि त्याचबरोबर ख्रिस्तोफ बाताय यांच्यासह लिहिलेले एक आत्मकथनही झाले, ज्यात त्या माणसाचे बोलणे आणि लेखकाच्या बालपणीच्या आठवणी एकमेकांत गुंफल्या आहेत. दुचच्या सराईत, हसऱ्या युक्तिवादांना सामोरे जाताना आपल्या मृतांची सोबत घेणे लेखकाला भाग पडले असावे, असे ते वाचताना जाणवते. २०१८ च्या ‘अनाम थडगी’ या चित्रपटात त्यांनी मुंडन करून घेतले, भिक्षूंकडून विधी करवले, आणि ज्या खेड्यांत कुटुंब मेले तेथील शेतांत त्यांच्या थडग्यांचा माग काढला. पाच वर्षांपूर्वी मातीत केलेल्या संस्कारानंतरही प्रत्यक्ष विधीची गरज संपलेली नव्हती. २०२४ मध्ये ‘पोल पॉटची भेट’ या कथापटात मातीच्या मूर्ती पुन्हा आल्या.

मात्र त्यांच्या कामाचा एक भाग पडद्यावर दिसत नाही, आणि कदाचित तोच सर्वांत टिकाऊ आहे. २००६ मध्ये त्यांनी इउ पन्नाकार यांच्यासमवेत नोम पेन्हमध्ये दृक्‌श्राव्य संग्रहालय सुरू केले आणि त्याला बोफानाचे नाव दिले. कंबोडियाविषयी जगभर विखुरलेले चित्रपट, बातमीपट, ध्वनिमुद्रणे गोळा करून तेथे जतन केली जातात, कोणालाही ती विनामूल्य पाहता येतात, आणि तरुणांना चित्रीकरणाचे शिक्षण दिले जाते. ख्मेर रूजच्या काळात अनोळखी माणसाशी सक्तीने लग्न लावून दिलेल्या एका स्त्रीची कहाणी सांगणारा ‘लाल लग्न’ हा २०१२ चा माहितीपट याच केंद्राच्या परिवारातून, लिदा चान या तरुण दिग्दर्शिकेच्या सहदिग्दर्शनातून, आला. सक्तीच्या विवाहांचा गुन्हा पुढे २०१८ मध्ये न्यायालयानेही सिद्ध मानला. २००६ पासून २०२२ पर्यंत चाललेल्या त्या न्यायालयाने अखेर तीनच व्यक्तींना दोषी ठरवले. न्यायाची ही मर्यादा पाहता, लाखो कुटुंबांच्या वाट्याला जे काही आले ते बहुतांशी अशा संग्रहांतून, अशा पडद्यांवरून आणि विहारांतील वाचनांतून आले.

महाराष्ट्रात या मार्गाची सर्वांत जवळची कृती म्हणून आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’कडे पाहता येते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मेली, त्यानंतर काही दिवसांत लोकशाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला, आणि आपल्या या मित्राच्या मृत्यूने हादरलेल्या दिग्दर्शकाने १४ वर्षे त्या वस्त्यांत, त्या गाण्यांत आणि त्या न्यायालयीन लढ्यात काढून हा चित्रपट पूर्ण केला. एवढ्या प्रदीर्घ सोबतीशिवाय असे काम होत नाही. रमाबाई नगर असो, १९९३ चा किल्लारीचा भूकंप असो की अन्य कोणतेही अरिष्ट असो, चित्रीकरण करणाऱ्यांजवळ अंतिम चित्रपटात न आलेल्या कितीतरी फिती आणि ध्वनिमुद्रणे उरतात, आणि त्यांत कोणाच्या तरी आईचा चेहरा, कोणाच्या तरी भावाचा आवाज असतो. ज्यांच्याजवळ असे काही आहे त्यांनी ते आपल्या हयातीतच नोंद करून सार्वजनिक संग्रहालयाच्या स्वाधीन करावे, आणि त्या कुटुंबांना अर्ज-विनंत्यांविना, पैसे न मोजता, हवे तेव्हा येऊन ते पाहता येईल अशी अट त्याला घालावी.